चौतीस घरांची सरळ रेघ

खैरकोंडच्या बौद्धवाडीच्या वार्षिक सभेत यंदा फणस जिंकला आणि पार्किंग हरलं. हात वर करून मतदान झालं, टाळ्या पडल्या, अध्यक्ष गंगारामबाबांना भरून आलं आणि डोळे पुसायला त्यांनी चुकून टेबलावर अंथरलेलं कापडच ओढलं.

खरं म्हणजे असं काही झालंच नाही. त्या दिवशी सभाच झाली नाही. प्रोसिडिंगला स्वच्छ अक्षरात लिहिलंय, ‘गणसंख्येअभावी सभा तहकूब’, आणि खाली बाबांची सही आहे. तेव्हा फणसाचा विषय निघाला नाही, हात वर गेले नाहीत, आणि टेबलावरचं कापड ओलं झालं असेल तर ते कोकम सरबताने. एवढं एकदा पक्कं केलं की पुढचं सांगायला हरकत नाही.

सुजय रत्नागिरीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतो. सकाळच्या गाडीने जातो, संध्याकाळच्या गाडीने परत येतो. एक्सेल हा त्याचा विषय, आणि एक्सेलमध्येही कॉम्बो चार्टवर त्याचा विशेष जीव. खांब आणि रेघ एकाच चौकटीत शेजारी शेजारी बसतात आणि कोणाला कोणाचा विटाळ होत नाही, म्हणूनही त्याला तो आवडत असावा. पुस्तकातलं उदाहरण असं आहे की आइस्क्रीमचा खप खांबांनी दाखवावा आणि तापमान रेघेने. रत्नागिरीत ते चालत नाही. इथे तापमान बाराही महिने ‘घाम’ या एकाच अंकावर असतं. म्हणून सुजय मिरकरवाड्याचं उदाहरण देतो. खांब म्हणजे बंदरात उतरलेली मासळी, रेघ म्हणजे बर्फाचा भाव. मासळीचा आकडा मोठा, भावाचा लहान, त्यामुळे दोन्ही एकाच मापाने मोजायला गेलं तर रेघ तळाशी जाऊन झोपते. मग तिला उजव्या बाजूला स्वतःचं वेगळं माप काढून द्यायचं, की ती उठून बसते आणि तिचे चढउतार दिसायला लागतात. याला सेकंडरी अ‍ॅक्सिस म्हणतात. पुस्तकात ‘दुय्यम अक्ष’ असं छापलंय, पण ते वाचलं की पोरं दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आल्यासारखी गप्प बसतात.

तर या सुजयने वाडीतला फणस वाचवायचं मनावर घेतलं होतं. हत्यार म्हणून त्याच्याकडे कॉम्बो चार्ट होता. दुसरं काहीच नव्हतं.

फणस वाडीच्या मधोमध, विहाराच्या अंगणाला लागून. जातीचा बरका. बरका म्हणजे ज्याचा गरा चावावा लागत नाही, तोंडात टाकला की तो माणसाला न विचारता पुढे निघून जातो. हे झाड कुणा एकाचं नाही. कोणी लावलं ते कोणाला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे ते तिघे तीन वेगळी नावं सांगतात. फळं तयार झाली की रामा दोरी घेऊन वर चढतो, एकेक फणस दोरीने खाली सोडतो, आणि मग घराला एक असा वाटा होतो. वाटा करायचं काम मथुराआतेकडे. ही सुजयच्या बापाची थोरली बहीण. नवरा वारल्यावर माहेरी आली ती इथलीच झाली. सुजय तिचा भाचा, पण सगळी वाडीच तिला आते म्हणते, तिच्याहून मोठे गंगारामबाबासुद्धा.

आणि वाटा म्हणजे सगळ्या घरांचा वाटा. वाडीत घरं चौतीस. त्यातल्या निम्म्याहून जास्त घरांना कुलूप, माणसं मुंबई, ठाणे, विरार अशी पसरलेली. तरीही वाटे चौतीस. कुलूप असलेल्या घराचा फणस आते स्वतः डोक्यावर घेऊन जाते आणि पडवीच्या कोपऱ्यात ठेवून येते. कोणी यायचं असेल तर येईल. नाही आलं तर वांदर येतील. दर वर्षी वांदरच येतात, तो भाग वेगळा.

सुजयला या पद्धतीचा शोध लागला तेव्हा तो आठ-नऊ वर्षांचा होता. त्याचा बाप विक्रोळीला वॉचमन होता. ती नोकरी गेली आणि मे महिन्यातल्या एका दुपारी सगळं बिऱ्हाड गाठोड्यांसकट वाडीत परत आलं. घर कितीतरी वर्षं बंद. कुलूप इतकं गंजलेलं की चावी आत गेली आणि बाहेर यायला तयार होईना. बाप शेजारी खोबरेल तेल मागायला गेला. आई गाठोड्यावर बसून कोणाशी बोलायचं नाही असं ठरवून बसली. आणि पोराला पडवीच्या कोपऱ्यात, सावलीत, एक पिकलेला फणस दिसला. वासाने सगळी पडवी भरली होती. बाप तेल घेऊन आला. कुलपाकडे बघितलं, फणसाकडे बघितलं, आणि तेल मुकाट्याने तिघांच्या हातांना चोळलं, चीक लागू नये म्हणून. त्या दिवशी कुलूप उघडलंच नाही. तिघेही पडवीतच जेवले, म्हणजे फणस खाल्ला, आणि आई परत बोलायला लागली.

घर बंद ठेवलं की त्याला फणस येतो, अशी सुजयची पुढे बरीच वर्षं समजूत होती. चौथीत ‘फणस झाडाच्या कोणत्या भागावर लागतो’ या प्रश्नाला त्याने ‘पडवीत’ असं उत्तर लिहिलं. बाईंनी अर्धा मार्क दिला, तो कशासाठी हे त्यांनाच माहीत.

आता पार्किंग. वाडीचं मंडळ एकच, पण शाखा दोन, गावची आणि मुंबईची. गावची शाखा म्हणजे गंगारामबाबा. मुंबईची शाखा म्हणजे सेक्रेटरी केतन. केतन ठाण्याला एका कुरिअर कंपनीत मॅनेजर आहे. सामान वेळेवर पोचवणे हा त्याचा धर्म, त्यामुळे गावाला आलं की त्याला सगळीकडे उशीर दिसतो. बुद्धपौर्णिमेला चाकरमानी येतात ते हल्ली आपापल्या गाड्या घेऊन. वाडीत शिरायला रस्ता आहे, वळायला जागा नाही, कारण वळायच्या नेमक्या जागी फणस उभा. मग परत जाताना प्रत्येक गाडी हमरस्त्यापर्यंत रिव्हर्समध्ये जाते, आणि मागून गंगारामबाबा हात हलवत ‘येऊ दे, येऊ दे’ करत उलटे चालतात. बाबांचा घसा दर मे महिन्यात बसतो तो यानेच. गेल्या वर्षी त्यांनी एक गाडी ‘येऊ दे’ म्हणत थेट गडग्यावर घेतली, चिऱ्याच्या बांधावर, आणि तिथेच केतनने ठरवलं की फणस जाणार.

केतनची फणसावर आणखी एक खुन्नस होती, पण ती याच झाडावरची आहे हे त्याला माहीत नव्हतं. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो दर वर्षी एकच तक्रार टाकायचा. ‘आमच्या पडवीत कोणीतरी कुजके फणस आणून टाकते. ही विकृती थांबली पाहिजे.’ खाली चारखंडांचा, म्हणजे फणसाच्या उरलेल्या सालपटांचा, आणि वांदरांनी केलेल्या घाणीचा फोटो. करणी वगैरे गोष्टींवर आपला विश्वास नाही, बाबासाहेबांनी आपल्याला त्यातून बाहेर काढलं, असंही तो लिहायचा, आणि त्याखाली हळूच विचारायचा की तरी पण हे कोण करत असावं. एका वर्षी त्याने पडवीत कॅमेरा बसवला. रेंज नसल्यामुळे त्यात काहीच आलं नाही. मग वांदरांनी कॅमेराही नेला.

आतेने ग्रुप कधी बघितला नाही. तिच्याकडे बटणांचा फोन, तोही ती पिशवीत, पिशवी पेटीत ठेवते.

फणस पाडायचा विषय यंदाच्या सभेत येणार आणि मुंबईकरांनी परवानगीचे कागदही सुरू केलेत, हे कळलं तेव्हा आते पेज पीत होती. तिने आधी पेज संपवली. मग म्हणाली की फणस गेला तर आपण विरारला लेकीकडे जाणार. रडून किंवा रागावून नाही, दळण आणायला जाते म्हणावं तसं. दुसऱ्या दिवशी तिने फळीवरची पितळेची भांडी उतरवून गोणत्यात बांधली. सुजयचे आईबाप आता नाहीत, त्या घरात ही दोघंच. आते गेली तर सकाळी जाऊन संध्याकाळी येणाऱ्या माणसाच्या घराला दिवसभर कुलूपच. शिवाय पडवीत ठेवायला फणस नाही आणि ठेवणारी आते नाही. बंद घरांत आणखी एकाची भर पडली असती, आणि तीही बिनफणसाची.

म्हणून सुजयने लॅपटॉप उघडला.

कल्पना साधी होती. केतन गाड्यांचा चार्ट आणणार हे माहीत होतं. त्याला उत्तर म्हणून सुजय दाखवणार होता की ज्या वर्षी फणस जास्त, त्या वर्षी गावात माणूस जास्त. फणसांचे खांब, आणि हजर घरांची रेघ. खांब वर गेले की रेघ वर, खांब खाली की रेघ खाली. फणस तोडला तर रेघ तोडली, असं शेवटचं वाक्यसुद्धा त्याने आधीच पाठ केलं होतं.

फणसांची माहिती टाकीवर होती. वाडीच्या वर नळपाणी योजनेची सिमेंटची टाकी आहे. तिच्यात पाणी कधी आलं नाही, पण गिलावा फार सुरेख. रामा आणि रामाच्या आधी रामाचा बाप, फणस उतरवून झाले की प्रत्येक फळामागे चिकाचा एक ठिपका टाकीच्या भिंतीवर टेकवत आले. हात पुसायला जवळ दुसरं काही नव्हतं, हे त्यामागचं शास्त्र. एका वर्षाचे ठिपके एकाखाली एक, पुढच्या वर्षाचे शेजारी. चिकावर धूळ बसून ते काळे पडले आणि तसेच राहिले. म्हणजे वाडीत खांबांचा चार्ट आधीपासून होताच, फक्त तो वरून खाली वाढत होता. सुजयने फोटो काढला, उलटा केला आणि आकडे भरले.

रेघेसाठी त्याने आतेला विचारलं. अमक्या वर्षी किती घरांना वाटा गेला?

आते म्हणाली, चौतीस.

त्याच्या पुढच्या वर्षी? चौतीस. वादळ झालं त्या वर्षी? चौतीस, पण फणस लहान होते. लॉकडाऊनच्या वर्षी, जेव्हा मुंबईहून कोणी येऊच शकत नव्हतं? आतेने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की याची नोकरी कशी टिकलीय. चौतीस.

सुजयने चार्ट केला. फणसांचे खांब उंचसखल, आणि खाली एक आडवी रेघ. त्याला वाटलं, एकाच मापामुळे असेल. त्याने रेघेला सेकंडरी अ‍ॅक्सिस दिला. रेघ उठून वर आली आणि वर येऊन पुन्हा आडवी झाली. कपडे वाळत घालायला बांधलेल्या दोरीसारखी. माप बदललं, पायाचा आकडा बदलला, रंग बदलला. दोरी हलेना. वर्गात त्याने शेकडो पोरांना सांगितलं होतं की रेघ सपाट आली तर माप चुकलंय. ही पहिलीच रेघ अशी भेटली की तिचं माप बरोबर होतं आणि तरी ती सपाट होती.

त्याने आतेला समजावून सांगितलं की वाटे नकोत, उघडी घरं पाहिजेत, ज्या घरात माणूस होता तेवढीच. आते म्हणाली, “उघडं-बंद मी कशाला बघू? पडवी हाय ना?”

सभा दुसऱ्या दिवशी होती. मग सुजयने जे करायचं ते केलं. हाताने आकडे टाकले. चांगल्या फणसाच्या वर्षी घरं थोडी जास्त, वाईट वर्षी थोडी कमी, मधे एक खड्डा, शेवटी आशादायक चढ. रेघ झाली झकास, लाटेसारखी. ठाण्याच्या मॅनेजरलाही आवडावी अशी. आते मागून येऊन वाकून बघत होती. तिने विचारलं, हे सापासारखं काय. सुजय म्हणाला, ही आपली घरं. तिने त्या खड्ड्यावर बोट ठेवलं. बोटाला पीठ होतं, ते पडद्यावर उमटलं.

“हितं खाली कशाला गेलंय?”

“तिथे घरं कमी झाली, आते.”

आतेने बोटाचं पीठ पदराला पुसलं. मग तिने अगदी सहज, हिशेब जुळत नसला की विचारतात तसं विचारलं, “कुणाची काढलीस?”

सुजयने आकड्यांकडे बघितलं. सव्वीस लिहिलं होतं. म्हणजे आठ घरं त्याने काढली होती, पण कोणती, हे त्याने ठरवलंच नव्हतं. आणि ठरवायला गेलं तर पहिलं नाव स्वतःच्याच घराचं येत होतं, कारण ते वर्ष त्यांच्या विक्रोळीचं होतं. त्याने कंट्रोल झेड दाबत दाबत सगळी लाट मागे नेली. दोरी परत आडवी झाली. आते म्हणाली, आता बरोबर दिसतंय, आणि उरलेल्या भाकऱ्या थापायला गेली.

बुद्धपौर्णिमेला सकाळी वंदना झाली, खीर झाली, जेवणं झाली, आणि भरल्या पोटी विहाराच्या अंगणात सभा बसली. पडद्याच्या जागी गंगारामबाबांच्या घरची चादर, प्रोजेक्टर ठाण्याहून आणलेला. केतनने चार्ट लावला. शीर्षक ‘पार्किंगची निकड’. खांब थ्री-डी होते. शिवाय त्याने पायाचा आकडा शून्याऐवजी सहा ठेवला होता, त्यामुळे एका वर्षी सात गाड्या आणि दुसऱ्या वर्षी नऊ, तर नऊचा खांब सातच्या डोक्यावर पाय देऊन उभा दिसत होता. बाया म्हणाल्या, बाई गं, किती गाड्या. केतनने जमीन सपाट करून तिथे काय काय होईल ते सांगितलं. पेव्हर ब्लॉक होतील. गाडी एका दमात वळेल. बाबांचा घसा वाचेल. बाबांनी मान डोलावली, कारण बोलायला घसा नव्हता.

मग सुजयची पाळी आली. त्याने चार्ट लावला. मागे विहार, पुढे चादर, चादरीवर वरखाली होणारे काळे खांब आणि त्यावर सरळ ताणलेली निळी दोरी. पाठ केलेलं शेवटचं वाक्य आता उपयोगाचं नव्हतं, आणि पहिलं त्याने पाठच केलं नव्हतं. तो एवढंच म्हणाला की खांब म्हणजे फणस आणि रेघ म्हणजे घरं.

केतन हसला. वाईट हसला नाही, ऑफिसात हसतात तसा हसला. “सुजय, आयसीयूमध्ये अशी रेघ आली की नातेवाइकांना बाहेर बोलावतात.”

मुंबईकर हसले. सुजयही थोडा हसला, कारण वाक्य चांगलं होतं. मग त्याने सांगितलं की रेघ बिघडलेली नाही, दर वर्षी चौतीस घरांचा वाटा निघतो, म्हणून ती तशी आहे. केतन म्हणाला की हे शक्यच नाही, निम्मी वाडी बंद, आपलं स्वतःचं घर आई गेल्यापासून बंद आहे. आपल्याला कधी वाटा मिळालेला नाही, उलट कोणीतरी पडवीत—

आणि तो थांबला. कुरिअरवाला माणूस. पार्सल कुठे जातंय, कोणी उचललं, कुठे पोचलं नाही, हे त्याला इतरांच्या आधी कळतं. फक्त या वेळी थोडा उशीर झाला होता.

बायांच्या चटईवरून आते म्हणाली, “तुझ्या पडवीत मीच ठेवते की. कोपऱ्यात. पायरीवर ऊन येतं.”

प्रोजेक्टरचा पंखा तेवढा घरघरत होता.

“दर वर्षी?” केतन म्हणाला.

“तू कधी येशील, काय सांगून जातोस?”

केतनने चष्मा काढला, पुसला आणि परत न लावता हातात धरून ठेवला. मग त्याने जे विचारलं ते पार्किंगशी संबंधित नव्हतं. आई होती तेव्हा ही पद्धत होती का, असं त्याने विचारलं. आते म्हणाली की पद्धत तिचीच. आपण लांज्याला नांदायला होतो आणि इथलं घर बंद पडलं, भाऊ मुंबईला, तेव्हा केतनची आई कमलावयनी आपल्या पडवीत फणस ठेवायची. एकदा भावाची नोकरी गेली आणि त्याला पोरासकट यावं लागलं, तर त्या दिवशीही होता. कमलावयनी गेली तेव्हा आपण परत आलो होतो, मग खालून दोरी धरून वाटे करायला कोणी नव्हतं म्हणून आपण धरली. त्यात काय एवढं.

सुजय लॅपटॉपच्या मागे उभा होता. त्याला वासाने भरलेली पडवी आठवली आणि बापाचे तेलकट हात. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की तो फणस आतेने ठेवला होता, पण आते तर तेव्हा लांज्याला होती. म्हणजे त्याच्या आईला परत बोलायला लावणारा फणस केतनच्या आईने डोक्यावरून आणला होता, आणि केतन गेली कितीतरी वर्षं त्याच फणसाच्या भावंडांचे फोटो ‘विकृती’ म्हणून ग्रुपवर टाकत होता. हे सगळं चादरीवर एका सरळ निळ्या रेघेत होतं, आणि रेघेला कुठेही खड्डा नव्हता.

मतदानाची गरज नव्हती, पण गंगारामबाबांनी अध्यक्ष म्हणून ते घेतलं. फणसाच्या बाजूने सगळे हात वर. आतेने दोन्ही वर केले. एक कमलावयनीचा, म्हणाली. टेबलावरच्या कापडाचं जे झालं ते आधी सांगितलंच आहे, आणि ते झालं नाही हेही.

केतनने मात्र हात वर केला नाही. तो उठला आणि त्याच्या घराच्या बाजूला निघून गेला. सकाळी आल्या आल्या त्याने पडवीपुढचं एक फणसाचं रोप उपटून गडग्यापलीकडे फेकलं होतं. दर वर्षी एक-दोन उगवायची, दर वर्षी तो उपटायचा. वांदर आठळ्या टाकून जात, पावसात त्या रुजत, आणि केतनला वाटायचं की गावात कचऱ्यालासुद्धा मुळं फुटतात. गडग्यापलीकडे करवंदीच्या जाळीत तो बराच वेळ वाकून शोधत होता. परत आला तेव्हा हातांवर ओरखडे होते आणि पाण्याच्या कापलेल्या बाटलीत ते रोप, बुडाशी अजून आठळी चिकटलेली. बायको दीप्तीने विचारलं, ठाण्याला सातव्या मजल्यावर फणस कुठे लावणार? केतन म्हणाला, बघू.

मग तो परत सेक्रेटरी झाला. फणस पाडायचा ठराव नामंजूर असं लिहिलं तर मुंबई शाखेला कारणं द्यावी लागतील, फणस, पडवी, आई, हे सगळं कोणत्या रकान्यात लिहायचं. त्यापेक्षा त्याने अंगणातली घरं मोजली. नियमाप्रमाणे निम्म्याहून एक जास्त घर हजर पाहिजे. बरेच जण यंदा आलेच नव्हते, आणि दोन गाड्या तर जेवून समुद्र बघायला वेळणेश्वरला निघाल्या होत्या. गणसंख्या भरत नव्हती. आते म्हणाली की सगळी घरं इथेच आहेत, चौतीस. केतन म्हणाला, “आते, तुझी मोजणी वेगळ्या अ‍ॅक्सिसवर आहे.” तिला ते कळलं नाही, पण तिने ते कौतुक समजून घेतलं. सभा पुढच्या मे महिन्यापर्यंत तहकूब झाली. तोवर परवानगीच्या कागदांची मुदत संपणार होती. पुढच्या मे महिन्यातही गणसंख्या भरू नये याची काळजी आपण घेऊ, असं केतनने बाबांना हळू आवाजात सांगितलं. माणसं कमी असण्याचा फायदा वाडीला पहिल्यांदाच होत होता.

संध्याकाळी रामाने चार फणस उतरवले. आतेने केतनचा वाटा त्याच्या पडवीतच नेऊन ठेवला, तो समोर उभा असताना, आणि त्याने तो तिथून उचलला. डिकीत घातला तर वास जाणार नाही अशी दीप्तीची तक्रार होती. केतन म्हणाला, न जाऊ दे. रोप मागच्या सीटवर, पट्टा लावून.

गाडी सुरू करण्याआधी त्याने सुजयला बोलावलं. एक अर्ज टाइप करायचाय, म्हणाला. सुजयने लॅपटॉप गाडीच्या बॉनेटवर ठेवला. चार्ट अजून उघडाच होता. केतन सांगत गेला, सुजय टाइप करत गेला, आते शेजारी उभी राहून शब्द कमी पडले की घालत गेली. अर्ज झाल्यावर केतनने मंडळातर्फे सही केली, सुजयने कॉम्बो चार्ट सोबत जोडला, आणि गाडी फणसाला वळसा न घालता रिव्हर्समध्ये निघाली. मागे गंगारामबाबा उरल्यासुरल्या घशाने ‘येऊ दे, येऊ दे’ करत उलटे चालत होते. आतेने रात्रीच्या भातासाठी गोणत्यातून एक पितळेचं पातेलं काढलं, मग बाकीची भांडीही काढली.

अर्ज असा:

प्रति, मा. वनक्षेत्रपाल साहेब यांस. विषय: मौजे खैरकोंड येथील पडव्यांमधील फणसाचा वाटा राखून ठेवणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती अर्ज करण्यात येतो की, सदर वाडीत घरे एकूण चौतीस असून त्यांपैकी बंद एकही नाही. काही घरांचे मालक तूर्त बाहेर गेलेले आहेत (सोबत आलेख जोडला आहे, रेघ पाहावी). तरी सदर मालक परत येईपर्यंत त्यांच्या पडवीतील वाटा आपल्या अखत्यारीतील वानरांनी उचलू नये. उचलणे अगदीच अपरिहार्य असल्यास आठळ्या जागेवर सोडाव्यात. तसेच मालकांना येण्यास उशीर होत असल्यास तोपर्यंत फणस पिकण्याची प्रक्रिया स्थगित ठेवण्याबाबत संबंधितांना आपल्या स्तरावरून तातडीने आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.